छप्पन्न दिवस

मे महिन्यात आम्ही काँक्रीट रात्रीच ओततो.
दिवसा खडी हाताला चटके देते,
पत्र्याच्या लॅबमध्ये पारा सेहेचाळीस,
आणि कोड म्हणतो : टाकीचं पाणी सत्तावीस अंश.
कोड लिहिणारा माणूस
उन्हाळ्यात कधी पिंपळखुटीला आला नसावा.

मग मी गोळेवाल्या सत्तारभाईकडून
अर्धी लादी बर्फ उधार आणते,
गोणपाटात गुंडाळून टाकीत सोडते.
"दगडाले शरबत पाजतं का व मॅडम?"
तो हसतो.
मी थर्मामीटर बघत बसते.

यंदाच्या मिश्रणात सिमेंट कमी, तिसरा हिस्सा राखड.
राखड मला नवी नाही.
आमचं गाव वीजकेंद्राच्या चिमणीखालचं.
आई वाळलेले कपडे घडी करण्याआधी दोनदा झटकायची,
कुरड्यांवर जुनं पातळ पसरायची,
तरी दाताखाली काहीतरी कचकचायचंच.
बाकावर बोटानं नाव लिहिता यायचं :
प्रांजली उरकुडे, पाचवी ब.
जेवणाच्या सुट्टीनंतर ते पुसट झालेलं असायचं.
तीच राखड आता बलकरमधून येते,
सोबत बिल, वर सील,
आणि तिच्यासाठी मला सही करावी लागते.

अठ्ठाविसाव्या दिवशी
दयाराम नैताम क्यूब पुसतो, तोलतो :
आठ किलो एकशे चाळीस.
ओतलेली बाजू वर येणार नाही असा
प्लेटच्या मधोमध ठेवतो,
देव्हाऱ्यात ठेवावा तसा, पण चपला न काढता.
सुई चढते.
पाचशे. साडेपाचशे. सहाशेला ती जरा जड होते,
आणि मग आतून एक हलका आवाज,
उन्हात कपाशीचं बोंड तडकावं तसा.
सहाशे चाळीस.
हवे होते सहाशे पंच्याहत्तर.
दुसरा तसाच. तिसरा पाच टनांनी नव्हे, पाच आकड्यांनी बरा.

सुपरवायझर रहांगडाले दारातच उभा :
"एवढं तं चालते मॅडम, लिहून टाका ना पुरा आकडा."
नागपूरहून फोन : "खांब पाडायची तयारी ठेवा."
एकाला लिहायची घाई, दुसऱ्याला पाडायची.
मी सहाशे चाळीस लिहिलं.
खाली लिहिलं : राखड सावकाश पकते,
छप्पन्न दिवसांनी पुन्हा.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसातून माझा चहा बंद झाला.

खांबाला आम्ही आडवे दोन कान लावले,
एकातून आवाज सोडला, दुसऱ्यातून ऐकला.
सेकंदाला चार किलोमीटर आणि वर थोडं.
कोहळे मिस्त्री बराच वेळ बघत होते.
मग पुढे आले, बोटाच्या पेरानं खांब वाजवला,
बाजारात मडकं वाजवतात तसा.
"भरीव हाय," म्हणाले,
आणि यंत्राकडे असं पाहिलं
की यंत्रानंच त्यांना दुजोरा दिला आहे.

नाला भरला.
खांब गढूळ पाण्यात कमरेएवढा उभा.
शाळेत जाणारी पोरं त्यावरचे रंगीत आकडे वाचायची,
पाणी दोनवर आलं की सुट्टी, असं त्यांनीच ठरवलं होतं.
बर्फाची उधारी चुकवून झाली होती.
टाकीत क्यूब होते.
त्यांना काही करायचं नव्हतं, फक्त पाण्यात राहायचं होतं.
मला तेवढंही जमत नव्हतं.

छप्पन्नाव्या दिवशी सातशे नव्वद.
दयारामनं कडेचे तुकडे हातानं सोडवले,
मधे उरला डमरू,
टोकाला टोक लावलेले दोन पिरॅमिड.
नीट भरलेला, नीट ठेवलेला क्यूब असाच फुटतो.
वाकडा फुटला तर समजावं,
चूक काँक्रीटची नाही, आपली.

रहांगडाले म्हणाला, "मी म्हणलोच होतो."
नागपूरचा फोन आला नाही.

डमरू दयारामनं घरी नेला,
दार वाऱ्यानं आपटतं म्हणून.
एक क्यूब मी जास्तीचा भरला होता,
रजिस्टरात नसलेला.
तो अजून टाकीत आहे.
त्याच्या अंगावर तारीख माझ्या अक्षरात,
खालचा कोपरा हिरवा होऊ लागलाय.
कधी फोडायचा, ते अजून ठरवलेलं नाही.